अब्बांनी न उच्चारलेला शब्द

अब्बांचं सगळं आयुष्य आष्ट्यात गाद्या भरण्यात गेलं. सत्तरी ओलांडली आणि ते विसरायला लागले. आधी दुकानाची किल्ली, मग शेजाऱ्याचं नाव, मग आपण जेवलो की नाही ते. मी साताऱ्यात शाळेत शिकवते. रजा काढून त्यांना सांगलीला डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टर बाई होत्या. "बाबा, मी काही शब्द वाचते. आठवतील तेवढे नंतर सांगायचे," म्हणाल्या आणि सावकाश वाचू लागल्या. उशी, चादर, पलंग, जांभई, गादी, स्वप्न, पांघरूण, अंगाई.

अब्बांनी डोळे मिटले. "गादी. उशी. आन् कापूस."

"कापूस मी म्हटलंच नाही, बाबा."

"आवं, म्हणलासा की! कापसाबिगर गादी हुती व्हय?"

मला हसू आलं. मग डॉक्टरांनी मलाही विचारलं. मी सहा शब्द सांगितले आणि सातवा अगदी छातीठोकपणे: झोप.

"झोपही नव्हती यात," त्या म्हणाल्या. "पण बहुतेक सगळे सांगतात. जवळजवळचे शब्द ऐकले की त्यांच्या मधला शब्द मन स्वतःच भरतं. तो काही आजार नाही. बाबांचं दुखणं वेगळं आहे, त्यांच्याजवळ बाकीचे शब्दच उरले नाहीत."

पुढच्या वर्षी अब्बा गेले. जायच्या चार दिवस आधी फोनवर ते म्हणाले होते, "बेटा, ये." मी म्हणाले होते, "रविवारी येते, अब्बा." रविवार उजाडायच्या आतच ते गेले. भेटेल त्याला मी हेच सांगायची आणि रडायची.

अब्बांच्या चाळिसाव्या दिवशी खालाला, म्हणजे अम्मीच्या बहिणीला, तेच सांगत होते. धाकट्या भावाची बायको हातातलं काम टाकून माझ्याजवळ येऊन बसली. त्या दिवशी स्पीकर लावून फोन तिनंच अब्बांसमोर धरला होता.

"आपा, सवताला दोष लावून घेऊ नका," ती हळूच म्हणाली. "अब्बा 'ये' म्हणलेच न्हाईत. 'कोण हाय?' म्हणले. मी सांगितलं, तुमची लेक. त्यांनी पुन्यांदा इचारलं, 'कोण हाय?' मग तुमीच म्हणलासा, रविवारी येते."

मी वाद घातला. तो आवाज, 'बेटा' म्हणताना जरासा कापरा झालेला, मला स्वच्छ ऐकू येत होता. पण बोलता बोलता मीच थांबले. फोन, आजारी बाप, लांबची लेक, रविवार. या सगळ्यांच्या मधोमध 'ये' हाच शब्द बसतो. माझ्या मनानं तो बसवून टाकला होता.

दोष गेला, त्याच्यासोबत त्यांची हाकही गेली. त्या दिवशी त्यांनी मला ओळखलंच नव्हतं.

भावजय माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. "आता हलकं वाटतंय नव्हं?"

"होय," मी म्हणाले.

खालाला ऐकायला कमी येतं. ती पुढं सरकून विचारू लागली, "मग? काय म्हणाले होते ते?"

मी पाणी आणायला म्हणून उठले.