आमच्या घरातल्या वकिलाचा खून

लग्न ठरलं तेव्हा मला सांगितलं होतं की रोह्याच्या घरात सासू, सासरे आणि नवरा अशी तीनच माणसं आहेत. बाहुल्यांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. माप ओलांडून आत गेले तर सोफ्यावर एक हवालदार, एक सरपंच, एक डॉक्टरीणबाई आणि काळ्या कोटातला एक वकील असे चौघे टेकून बसलेले, आणि पाहुणे बिचारे खाली सतरंजीवर. मला वाटलं, सजावट असेल. तेवढ्यात सासऱ्यांनी वकील हातात चढवला, त्याची मान माझ्याकडे वळवली आणि वकील म्हणाला, "सूनबाई, या घरात आपलं स्वागत असो." मी पेणची. माहेरी गणपतीचा कारखाना. मूर्तींच्या गर्दीतच वाढले, पण त्यातली एकही कधी माझ्याशी बोलायला आली नव्हती, आणि ते मला फार सोयीचं होतं.

सासरे धाटावच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. शाळांत, ग्रामपंचायतींत हाताच्या बाहुल्यांचे खेळ करायचे. दारू सोडा, संडास बांधा, झाडं लावा. लोक त्यांना कलाकार म्हणायचे, त्यामुळे घरच्यांनी तक्रार करायची सोयच नव्हती. कारण हा कलाकार घरातही स्वतःच्या तोंडाने बोलायचा नाही. दूधवाल्याशी हवालदार बोलायचा, शेजाऱ्यांशी सरपंच. मुलाच्या तब्येतीची चौकशी डॉक्टरीणबाई करायची. सासूबाई वकिलाच्या वाट्याला आल्या होत्या. माणूस अस्सल रोह्याचा, पण वकील शुद्ध पुणेरी. "महोदया, आमटीत मीठ कमी आहे, याची नोंद घ्यावी." सासूबाई नोंद घ्यायच्या आणि मिठाची बरणी आणायच्या. वर त्या वकिलासाठी बशीत वेगळा घास वाढायच्या. मी नवऱ्याला विचारलं, हे काय चाललंय? तो म्हणाला, "होईल सवय." तो डोलवीच्या कंपनीत शिफ्टला जाणारा. त्याला काय जातंय सांगायला?

एकदा दुपारी आम्ही दोघी वाल सोलत बसलो होतो तेव्हा सासूबाई आपणहून बोलल्या.

"लगीन झालं तवा हे स्वताच्या तोंडानं बोलायचे गो. तोतरं बोलायचे, पण बोलायचे. लोक हसायचे त्यांना. मग त्या बाहुल्या आल्या. वकिलाच्या तोंडून तोतरं येत नाय ना." सोललेला वाल ताटात टाकत त्या म्हणाल्या, "मला काय नको आता. मरायच्या आदी एकदा त्यांनी माझ्याशी बोलावं. त्यांच्या तोंडानं. मग शिव्या दिल्या तरी चालतील."

मला सासऱ्यांचा संताप आला. सासूबाईंचाही आला. एवढ्या वर्षांचा संसार करून बाईने मागावं काय, तर नवऱ्याच्या तोंडच्या शिव्या! तोतरेपणाचं मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण जो माणूस शाळेतल्या पोरांना "न घाबरता बोला" असं सरपंचाकरवी शिकवतो, त्याची कीव तरी किती करायची?

पुढे खून झाला.

सकाळी सासरे तोंड धुवायला मागच्या दारी गेले तर पाण्याच्या ड्रममध्ये वकील पालथा पडलेला. डोकं कागदाच्या लगद्याचं, लग्नानंतर माझ्याच वडिलांनी पेणहून नव्याने रंगवून दिलेलं. रात्रभरात त्याची पेज झाली होती. कोट बुडाशी, आणि दोऱ्याची मिशी तेवढी वर तरंगत होती. दुसरा कोणी असता तर तिथेच बोंब मारली असती. आमचे सासरे धावत घरात आले, हवालदार हातात चढवला, परत मागच्या दारी गेले आणि मग हवालदार ओरडला, "खून! खून!"

आळी गोळा झाली. कुंपणापलीकडचे काका टॉवेल खांद्यावर टाकून आले आणि अगदी गंभीर तोंडाने विचारते झाले, "सुतक पाळायचं का?" एकीने मोबाइलवर व्हिडिओ काढायला घेतला. भलीमोठी जिवंत माणसं ड्रमभोवती उभी राहून एका मिशीकडे बघत हळहळत होती. माझ्या चुलत सासूबाई गेल्या तेव्हा यातले निम्मेसुद्धा आले नव्हते.

हवालदाराने पंचनामा सुरू केला. कपडे धुवायच्या दगडावर चार अक्षता होत्या, एक जास्वंद आणि दह्याची वाटी. आमच्याकडे गणपती पाण्यात सोडण्याआधी त्याच्या हातावर दही ठेवतात, तेच हे दही. हवालदाराने वाटीत डोकावून पाहिलं आणि मान डोलावली. "उत्तरपूजा झालेली दिसते. म्हणजे विसर्जन. विसर्जन म्हणजे गणपती. गणपती म्हणजे पेण." आणि त्याने मान माझ्याकडे वळवली. आळीतल्या बायकांनी "अगो बाय!" म्हणून तोंडावर हात ठेवले. काय तो तपास!

नवरा तेवढ्यात रात्रपाळी करून आला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "सॉरी म्हण आणि मिटव विषय." म्हणजे मी चिंध्यांच्या वकिलाच्या खुनाबद्दल लाकडी टाळक्याच्या हवालदाराची माफी मागायची.

माझं डोकं फिरलं. मी सरळ हवालदारासमोर जाऊन उभी राहिले. "आमच्या कारखान्यात मूर्तीचा हात मोडला की मूर्ती पाण्याच्या टाकीत जाते. भिजली की तुडवायची आणि पुन्हा साच्यात घालायची. कोण तिला अक्षता वाहत बसतो? आमच्यासाठी तो माल असतो. दही हातावर कोण ठेवतं? ज्याने मूर्ती घरात बसवली, तिला जेवायला वाढलं, तो ठेवतो. आता बघा विचार करून, या घरात वकिलाला जेवायला कोण वाढत होतं." बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मीही बाहुलीशीच तावातावाने भांडत होते. या घराने मलासुद्धा वाया घालवलं होतं.

आणि दुसरं लक्षात आलं ते त्याहून वाईट. स्वतःला वाचवताना मी कोणाचं नाव पुढे केलं होतं ते मला बोलून झाल्यावरच कळलं.

हवालदाराची मान हळूहळू स्वयंपाकघराच्या दाराकडे वळली. सासूबाई दारातच उभ्या होत्या. पदराला हात पुसत त्या बाहेर आल्या.

"तिला कशाला विचारता? मीच बुडवला त्याला," त्या म्हणाल्या. "इतकी वर्सं या घरात माझ्याशी तोच बोलला. उपाशी कसा घालवू? म्हणून दही दिलं."

कोणी हसलं नाही. व्हिडिओ काढणारीने मोबाइल खाली घेतला. सासूबाई सासऱ्यांपुढे गेल्या, त्यांच्या हातातून हवालदार मोजा काढावा तसा ओढून काढला आणि कपडे धुवायच्या दगडावर ठेवून दिला.

"आता काय शिक्षा द्यायची ती तुमच्या तोंडानं द्या."

सासऱ्यांचा रिकामा हात तसाच हवेत राहिला. बोटं हलत होती, वकिलाची मान हलवायची त्या सवयीने. ओठ उघडत होते, मिटत होते. मी वाट बघत होते, की आता हा माणूस मागे फिरेल आणि सोफ्यावरून सरपंच घेऊन येईल. तो तेच करणार याची मला खात्री होती. पण त्यांनी हात खाली घेतला आणि बायकोच्या तोंडाकडे बघितलं.

"त-त-तू," ते म्हणाले, "म्हातारी क-कवा झालीस गो?"

"तुमी वकिलाकडं बघून बोलत होता ना, तवा," सासूबाई म्हणाल्या. "बोला. अजून बोला."