पदराचा बोळा आणि माझं मनगट

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही... आमच्या घरात देव्हारा नाही, बुद्धवंदना असते, आणि अंगारे-धुपारे तर माझ्या आईनेच चुलीत घातले होते. तेव्हा कमेंटमध्ये मला शिकवायला येऊ नका.

जुईनगर, स्टेशनजवळची सोसायटी, तिसरा मजला. मागच्या वर्षी, दुपारचे अडीच. हे गेल्यापासून घरी मी एकटीच, दाराला आतून कडी. माझा डावा डोळा काचबिंदूने गेलेला. उजव्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सोळा वर्षांपूर्वी झालेलं, टाके घालून. जे काही दिसतं ते त्या एकाच डोळ्याने.

स्कूटरवर सामान बांधायची हुकवाली इलॅस्टिकची दोरी असते ना, तिने गादीची गुंडाळी बांधत होते. हुक सुटला आणि सटकन उजव्या डोळ्यावर बसला. आई गं! डोळ्याला धार लागली, समोर सगळं धुरकट. मग आपण सगळ्या बायका करतो तेच मी केलं – पदराचा बोळा केला, त्यात तोंडाची वाफ भरली आणि शेकायला डोळ्याकडे नेला.

...कोणीतरी माझं मनगट धरलं.

घट्ट. बोटं खरखरीत. मी जोर लावला, हात इंचभर हलेना. बोळा सोडून दिला तेव्हाच मनगट सुटलं. घाबरले, खोटं कशाला बोलू? भिंत चाचपत दार उघडलं आणि शेजारच्या म्हात्रेकाकूंना हाक मारली. त्यांनी मला रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलं.

तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी विचारलं, डोळा चोळलात, दाबलात का? नाही म्हटलं.

"वाचलात. ऑपरेशनची जुनी जखम उसवलीय. जरा दाब पडला असता ना, तर आतलं सगळं बाहेर आलं असतं."

लगेच टाके घातले. डोळा राहिला.

काकू म्हणतात, "तुजा मालकच आयला व्हता गो बाय, नारळ ठेव." नाही ठेवणार! ह्यांचा हात मऊ होता, जन्मभर ऑफिसात टायपिंग केलेला. तेहतीस वर्षं धरलेला हात मी ओळखणार नाही? मुलगा म्हणतो शॉक बसला, भास झाला. अरे, भासाने दोन दिवस मनगट दुखतं का?

हात कोणाचा, मला आजही माहीत नाही, आणि उगाच कोणाचं नाव त्याला मी लावणार नाही. हे सगळं मीच टाइप केलंय, त्याच डोळ्याने बघून. फक्त एक गोष्ट अजून कोणाला सांगितली नव्हती... मनगट सुटत नव्हतं तेव्हा मी त्याला "सोड मेल्या" म्हणाले होते. तेवढं मनाला लागून राहिलंय.