सर्व्हरचा ठसा

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात अपेक्षा एकटीच कॉम्प्युटरचं काम बघते. काही अडलं तरच वरच्या मजल्यावर तिच्या खोलीत कुणी येतं. अजिंठ्याला आई मात्र सगळ्यांना सांगते, "पोरगी एसीत बसती."

तिनं लिहिलेला प्रोग्राम मालाच्या याद्या पुण्यातल्या एका कंपनीच्या सर्व्हरवर पाठवतो. यादी पोहोचली नाही, तर तिथं गाडी आत घेत नाहीत. त्या शुक्रवारी प्रोग्राम जोडणीच करेना. प्रत्येक सर्व्हरचा स्वतःचा ठसा असतो, अक्षरांची एक लांब ओळ. प्रोग्रामनं जपून ठेवलेला ठसा आणि समोरून आलेला ठसा जुळत नव्हता. नवा ठसा मान्य करायचा का, असं पडद्यावर विचारलं होतं. सर्व्हर बदलला असेल, नाहीतर दुसरंच कुणीतरी त्याच्या नावानं मध्ये उभं असेल.

माल रवाना करणारे शिवराजभाऊ दारात आले.

"ताई, गाडी भरून उभी हाय. व्हय म्हणून टाका की त्याला!"

"कोणाला व्हय म्हणू भाऊ? तुम्ही तोंड न बघता गाडीची चावी देता का?"

"तुमच्या सर्व्हरला तोंड तरी हाय का?" ते हसले, आणि घाई करा म्हणून निघून गेले.

तिनं पुण्याचा नेहमीचा नंबर लावला. तिथला सर्व्हर बघणाऱ्या शंतनू सरांऐवजी हिमानी नावाच्या मुलीनं उचलला.

"सर नोकरी सोडून गेले. सर्व्हर कालच बदललाय. ॲक्सेप्ट करा ना, सगळ्यांनी केलंय."

"तुमच्याकडचा ठसा वाचून दाखवता?"

"अख्खा?"

"अख्खा."

फोनवर बी आणि डी सारखेच ऐकू येतात. म्हणून अपेक्षा प्रत्येक अक्षर नावासकट परत म्हणू लागली. "बन्सीकाकाचा बी, मोठा. लीलाबाईचा एल, छोटा. कडुबाचा के, छोटा."

"कोण हो ही मंडळी?"

"अजिंठ्याची, आमच्या गल्लीतली," ती म्हणाली. या खोलीत ही नावं आजवर कुणी घेतलीच नव्हती.

शेवटचं अक्षर जुळलं. तिनं नवा ठसा नोंदवला, यादी गेली.

"दरवेळी असं वाचावं लागेल का?" हिमानीनं विचारलं.

"नाही. आता प्रोग्रामच ओळखेल. फोनची गरज नाही."

"बरं झालं बाई!" फोन बंद झाला.

अपेक्षा खिडकीशी गेली. गाडी गेटबाहेर पडत होती. शिवराजभाऊंनी हात वर केला. तिला की ड्रायव्हरला, ते काही वरून कळलं नाही.