गाठ जाईपर्यंत चहा बंद

आंघोळ करताना डाव्या स्तनात हाताला गाठ लागली. वाटाण्याएवढी, अजिबात न दुखणारी, बोट ठेवलं की सटकणारी. माझा स्वभाव मुळात बोंबलायचा, त्यामुळं पाच मिनिटांत घरभर झालं. नवऱ्याला घाम फुटला. सासूबाईंनी तर तिथल्या तिथं देवीपुढं हात जोडले, "सुनेची गाठ जाईपर्यंत मी चहा पिणार नाय."

आमच्या सासूबाई वैजापूरच्या, त्यांना मी आत्या म्हणते. उठल्यापासून झोपेपर्यंत त्यांना चहा लागायचा. तो चुकला की कपाळाला फडकं बांधून सगळ्या घराला धारेवर धरायच्या.

क्रांती चौकाजवळच्या डॉक्टरीणबाईंनी हातानं तपासलं, सोनोग्राफी करायला लावली, सुईनं नमुना घेतला. रिपोर्ट येईपर्यंत माझा जीव टांगणीला. मग बाई हसून म्हणाल्या, "साधी गाठ आहे, कॅन्सर नाही. कापायची काही गरज नाही, राहू दे तिला. सहा महिन्यांनी दाखवा. मध्येच वाढली तर मात्र लगेच या."

मी नाचायचीच बाकी होते. आत्यांचा चेहरा मात्र पडला.

"राहू दे? म्हंजी जाणारच नाय?"

"नाही जाणार बहुतेक."

"मंग काढूनच टाका की, बाई!"

मी चहाचं सांगितलं, तशा डॉक्टरीणबाई खुर्चीत मागं रेलून हसल्या. "आजी, चहासाठी मी सुरी नाही हं लावणार."

घरी येऊन मी आलं किसून फक्कड चहा केला. "देवीला कळत नसेल का, आत्या? प्या आता." त्यांनी वास घेतला, डोळे मिटले अन् कप परत सरकवला. मग रोज हाच तमाशा.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. गाठ होती तेवढीच. आता मात्र माझं डोकं फिरलं. "बास झाला हट्ट! देवी काय खाणार आहे का तुम्हाला?"

आत्या हळूच म्हणाल्या, "देवीचं नाय गं, पोरी. मी चहा प्याले अन् ती वाढली तर?"

मी खुशाल घोरत होते अन् ही बाई रोज माझ्यासाठी भीत होती. मला लई भरून आलं. सगळ्यांदेखत मी त्यांना मिठी मारली.

त्यांच्यासमोर चहा प्यायचं तेव्हापासून मी सोडलं. कप घेऊन गुपचूप गच्चीवर जाते. वास लागला की आत्याही येतात वर, अन् माझा चहा संपेपर्यंत शेजारी बसून राहतात.