चार बोटं आंबाडा

खामगावच्या एका खाजगी दवाखान्यात रंगराव बावीस वर्षं एक्स-रेच्या फिल्म धूत होते. बोटं औषधाने पिवळी पडली होती, पण एक फिल्म कधी वाया गेली नव्हती.

सन एकाहत्तरमध्ये संग्रामपूरची सत्यभामा आली, ती डोके भादरूनच. कानातला पू मेंदूत उतरला होता. तो कुठे साचला, ते मुंबईच्या यंत्राने कागदावर ठिपक्यांनी उठवले होते. पण तिथे ऑपरेशनसाठी केस काढायची गोष्ट निघाली तशी सासू गोजरबाईने तिला उठवून गावी आणले. नवरा जिता असताना बाईचे डोके भादरायचे? पुढे झटके येऊ लागले, तेव्हा वस्तरा चालला.

ठिपक्यांत हाड दिसत नाही, इथल्या एक्स-रेच्या फिल्मवर पू दिसत नाही. कागदाचा फोटो फिल्मच्या मापाएवढा मोठा करायचा, दोन्ही एकावर एक ठेवून पू ओढायच्या सुईची जागा काढायची. सुई चुकली की बाई गेली.

रंगरावांनी ठेवून पाहिले. कागदावरचे डोके बोटभर बुटके.

"माय, मुंबईले केस होते ना?" त्यांनी गोजरबाईला विचारले.

"होते ना बाप्पा! आंबाडा घालूनच झोपवली."

रंगराव दवाखान्याच्या मालकांच्या मुलाकडे, छोट्या डॉक्टरांकडे गेले. "साहेब, आंबाड्यानं मान वाकली होती. डोक्याखाली आंबाड्याएवढीच कापडाची घडी ठेवून अजून एक फिल्म काढू. आपोआप जुळते."

"फिल्म तुझ्या घरून आणतोस? कागदाचा फोटो मोठा करताना खालची पाटी तिरपी धर. डोकं लांबेल."

"लांबलं तं ठिपका बी सरकन, साहेब. डोस्कं रबराचं नाही."

"अकोल्याचे सर्जन निघालेत. तू धुणारा, धुवायचं बघ."

रंगरावांनी पाटी तिरपी धरली. तिसऱ्या खेपेला कडेला कड अशी बसली की फट उरली नाही.

"वा, छान जुळलंय," सर्जन म्हणाले.

"मीच जुळवलं, सर," छोटे डॉक्टर म्हणाले.

सुई तीनदा घातली. तिन्ही वेळा कोरडी. चौथ्यांदा रक्त आले. दिवस मावळायच्या आत सत्यभामा गेली.

गोजरबाईने पिशवीतून कापलेल्या केसांचा आंबाडा काढला. "अहेव मेली जी. बोडकी कशी नेऊ गावात? लोक काय म्हणतीन? एवढा बांधून द्या."

रंगरावांनी आंबाड्याची जाडी बोटांनी मोजली. चार. पट्टीने तो मागे घट्ट बांधला आणि डोके हळूच स्ट्रेचरवर टेकवले.

हनुवटी छातीकडे झुकली. मुंबईच्या यंत्राखाली झुकली असेल तशीच.