माझा समेट बाकी हाय

शांतवनमामा आज पहाटे उपाशी गेले.

अन्नाला नव्हे. घरात दूध होतं, भाकरी होती, मामी घास भरवत होती.
प्रभुभोजनाला, चर्चमधल्या भाकर-प्याल्याला. सहा वर्षं.

धारूरच्या अलीकडं आमचं गाव. चर्च एक, उपासना दोन. सकाळी नऊला एक गट, दुपारी चारला दुसरा.
ख्रिस्त तोच, बाकं तीच. पाळक तेवढे दोन.

भांडण कशावरून? नव्या हॉलच्या कोनशिलेवर कुणाचं नाव वर यावं.
बायबलात कोनशिला म्हणजे ख्रिस्त. त्याचं नाव कुणी सुचवलंच नाही.

प्रभुभोजनाआधी पाळक म्हणतात, "कुणाशी वैर असेल तर आधी समेट करून या."
आम्ही पाच सेकंद मान खाली घालतो आणि भाकर घेतो.

मामांना ते खरंच वाटलं.
प्याला आला की पुढं सरकवायचे. "माझा समेट बाकी हाय."

मंडळीत कुजबुज सुरू. म्हाताऱ्यानं कायतरी मोठं पाप केलंय. बाहेर बाई हाय, इथपर्यंत मजल गेली.
आमचे पाळकसाहेब घरी आले. "मामा, मोकळं व्हा. काय पाप हाय?"
"भांडण तुमचं हाय, साहेब. मी नुसता उपाशी बसलोय."

मी सकाळच्या गटातला. दुपारवाल्यांवर इथं फेसबुकवर लिहायचो, तुम्ही पोट धरून हसायचात.
मामांनी एकदा विचारलं, "लई भारी लिहितोस. वाचून एक तरी माणूस उठून पलीकडं गेला का बे?"
"न्हाई, मामा."
"मग तू तरी जा."

गेलो नाही.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी हात टेकले. मामांनी दोन्ही पाळकांना निरोप धाडला. एकत्र या, एकाच प्याल्यातून द्या, मी घेतो.

दोघंही आले.
एक साडेदहाला. एक चारला.

सकाळच्या साहेबांना मी दारात अडवलं. "चारपर्यंत थांबता का?"
"कमिटीला विचारावं लागंल," ते म्हणाले.
कमिटीत मी आहे. दारातून बाजूला झालो.

मामांनी दोन्ही वेळा भिंतीकडं तोंड फिरवलं.
मामी रडत म्हणाली, "आवो, घ्या की आता. देवाला समजतंय."
"देवाला समजतंय गं. ह्यांना न्हाई."

संध्याकाळी दफन झालं. दोन्ही पाळकांनी आपापल्या प्रार्थनेत सांगितलं, आमचा बंधू शांतीत विसावला.
खोटं आहे. शेवटच्या श्वासाला मी उशाशी होतो.

मग माती.
एक गट कबरीच्या अलीकडं, एक पलीकडं. मधी मामा.
दोन्हीकडून मुठी सुटल्या, एकाच खड्ड्यात. सहा वर्षांत सगळ्यांनी मिळून केलेलं हे पहिलं काम.

मामा, सलाम.
ही अंजली घ्या. भावपूर्ण आहे.
श्रद्धेचं मला सांगता येत नाही.