मुशी आणि कोळकांदा

कोणत्याही दोन गोष्टी समोर आल्या, की त्यांतले साम्य शोधल्याशिवाय आमच्या शास्त्राच्या बाईंना चैन पडत नसे. पिंपरीकडे पहिले कारखाने उभे राहत होते त्या काळात त्या आणि मी चिंचवडच्या एका शाळेत शिक्षक होतो. मी इतिहास शिकवीत असे आणि घरी कायद्याचा अभ्यास करीत असे.

बाई मूळच्या मालवणच्या; शार्क माशाला त्या मुशी म्हणत. सहामाहीला त्यांनी प्रश्न घातला: खोल समुद्रातली मुशी आणि आपल्या टेकडीवरचा कोळकांदा यांची तुलना करा. अर्धा वर्ग नापास झाला. शाळा समितीचे अध्यक्ष, गावातले वजनदार गृहस्थ, तावातावाने आले. प्रश्न रद्द करा, नाहीतर राजीनामा द्या, असे त्यांनी बजावले.

"बाई, हितं समुंदर कुनी बघितलाय वो?"

"कोळकांदा तर बघितलाय ना?" बाई म्हणाल्या. "तिथूनच निघायचं."

माझे पित्त खवळले. विनाचौकशी, विनानोटीस राजीनामा मागण्याचा अधिकार समितीला कोणी दिला? त्याच संध्याकाळी मी कलमवार अर्ज लिहिला. बाईंनी तो शांतपणे वाचला.

"भाऊ, ही कलमं अध्यक्षांनी कधी पाहिलीत?"

"नसतील पाहिली. पण ती लागू आहेत."

"मग तुमचा अर्ज म्हणजे नुसती मुशीच झाली. आधी त्यांनी पाहिलेला कोळकांदा लिहा."

दुसऱ्या कोणी असे म्हटले असते तर मी त्याचे तोंड पाहिले नसते. पण नोकरी त्यांची जाणार होती. मी नवा अर्ज लिहिला. रानातला हा कडू कांदा आपण पाहिलाच आहे, उन्हाळाभर तो पोटातल्या साठ्यावर मातीखाली तग धरतो, तशीच मुशी काळोख्या पाण्यात यकृतातल्या तेलाच्या आधारावर तरंगते, असे त्यात मांडले.

अध्यक्ष अर्ज घेऊन थेट वर्गात आले आणि मागच्या बाकावर बसले. बाईंनी कोळकांदा उभा चिरला, शेजारी फळ्यावर मुशीचे पोट काढले. अध्यक्षांनी बराच वेळ दोन्हींकडे पाहिले.

"म्हंजे दोगांची बी शिदोरी पोटातच म्हना की."

"हाच तर प्रश्न होता," बाई म्हणाल्या.

प्रश्न राहिला आणि बाईही राहिल्या. पुढे निवृत्त होऊन त्या मालवणला गेल्या, तिथेच वारल्या. मी त्यांचा सहकारी होतो, हे मी कोणत्याही पदवीच्या आधी सांगतो.

त्या अर्जानंतर मी नगरपालिकेपासून मंत्रालयापर्यंत शेकडो अर्ज लिहिले. राग तसूभरही उतरलेला नाही आणि एकही कलम मी सोडत नाही. मात्र कलमे दुसऱ्या परिच्छेदात येतात. पहिल्यात कोळकांदा असतो.